गच्चीवरचा वॉर्ड

सिस्टर पिंपळ काढायला कुणाच्याही घरी जात, पण एकट्या काढत नसत. ज्याच्या भिंतीत पिंपळ उगवला असेल त्या घरातल्या माणसाने शेजारी उभं राहायचं, रोपाचं खोड स्वतःच्या हाताने धरायचं, आणि सिस्टरनी छिन्नीने वीट सैल करायची, ही त्यांची अट होती. घरमालकाने कां-कूं केलं, हात मागे घेतला, की छिन्नी पिशवीत टाकून त्या सरळ चालू लागत. "पाप लागत आसंल तर आर्धं-आर्धं," त्या म्हणत. "आख्खं मी एकटी घेनार न्हाई."

आमच्या नांदेडात पिंपळ कुठेही येतो. मोरीच्या पाइपाजवळ, टाकीखाली, गच्चीच्या कठड्याच्या भेगेत. पक्ष्यांची कृपा. दोन पावसाळे दुर्लक्ष केलं की भिंत उलते. पण पिंपळाला हात लावायचा नाही, हे आम्हा लोकांच्या हाडीमाशी मुरलेलं. मग बाहेरचं कुणीतरी शोधायचं, ज्याला त्याचं काही नाही असं. आमच्या कॉलनीला असं माणूस शेजारीच सापडलं होतं. सिस्टर देगलूरकडच्या बौद्ध घरातल्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात जन्म काढून निवृत्त झालेल्या, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. "सिस्टर, तुम्हाला चालतं ना," असं लोक अगदी मधाळ आवाजात म्हणत. त्या 'चालतं'मध्ये काय काय भरलेलं आहे ते बोलणाऱ्याला ठाऊक असे आणि ऐकणारीलाही. सिस्टर चष्म्यावरून बघत आणि विचारत, "चहा कोनत्या कपात देनार ते आदी सांगा." लोक विनोद समजून हसत. सिस्टर हसत नसत. चहा मात्र पूर्ण पीत.

मी लग्न होऊन लोह्याहून या बिल्डिंगमध्ये आले. पहिल्या मजल्यावर आम्ही तिघं. मी, आमचे हे आणि सासूबाई. तेव्हा मी इतकी भित्री होते की भाजीवाल्याने पिशवीत सडका टोमॅटो टाकताना दिसला तरी तोंड उघडत नसे. आमच्याही मोरीबाहेरच्या भिंतीत पिंपळ निघाला आणि सासूबाईंनीच सिस्टरना निरोप धाडला. अट कळल्यावर त्यांनी खोड धरायला मला पुढे केलं. सुना अशाच वेळी कामाला येतात. सिस्टरनी आधी रोपासमोर हात जोडले, क्षणभर डोळे मिटले आणि मग छिन्नी लावली. आमच्या श्रद्धेचा मान ठेवताहेत असं मला वाटलं, आणि त्यांच्याबद्दल बरंही वाटलं. पिंपळाच्या मुळांनी अर्धी वीट अशी कवटाळली होती की ती सुटेना. शेवटी विटेसकट झाड बाहेर आलं. विटेला आमच्या बिल्डिंगचा फिकट गुलाबी रंग तसाच होता.

हे झाड नेलं कुठे, म्हणून दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेले आणि सिस्टरचा वॉर्ड पहिल्यांदा पाहिला. पाण्याच्या टाकीमागे पसरट कुंड्यांमध्ये गुडघ्याएवढे पिंपळ, वड आणि उंबर उभे होते. विकत आणलेलं एकही झाड नव्हतं. सगळी नांदेडच्या भिंतींतून हाकललेली. हिरव्या जाळीखालचा कोपरा म्हणजे आयसीयू. मुळं छाटलेलं, पानं काढून घेतलेलं नवं रोप तिथे राहायचं आणि त्याला भेटायची कुणालाही परवानगी नसायची. तगलं की जनरल वॉर्डात. फांदीला तार गुंडाळली की तिला प्लास्टर घातलंय, वळण धरलं की काढायचं, असं त्या सांगत, आणि सकाळी चहाआधी राउंड घेत. एकदा कौतुकाने मी आयसीयूतल्या रोपाला तांब्याभर पाणी घातलं तर अशी झाडली मला! "पेशंटला कवा पाजायचं ते नर्स ठरीवते. नातेवाइकानं भाईर बसायचं." मी खरंच बाहेर जाऊन बसले. मग त्यांनीच बोलावून माझ्या हातात विटांच्या चुऱ्याची चाळणी दिली.

तिथून मी रोज संध्याकाळी शाळेत शिकवून आले की वर जाऊ लागले. विटांचा चुरा, मुरूम आणि शेणखत कालवायला शिकले. पान कुठे खुडायचं, मूळ किती कापायचं, तार फांदीभोवती कोणत्या बाजूने चढवायची हे शिकले. सिस्टर स्वतः हे शिकल्या होत्या एका डॉक्टरीणबाईंच्या बोन्सायच्या वर्गात. त्या बाईंकडे जपानी झाडांच्या फोटोंचं एक जाडजूड पुस्तक होतं. झाड घडवण्याच्या जुन्या पद्धती त्यात दिलेल्या, प्रत्येकीचं नाव, प्रत्येकीचे नियम. सिस्टरनी त्या सगळ्या घोटून घेतल्या आणि नावं मात्र आपली ठेवली. काठीसारखं ताठ वाढवलेलं झाड म्हणजे 'सावधान'. एका अंगाला कललेलं झाड म्हणजे 'ओपीडीची रांग', कारण रांगेतला माणूस नंबर आला का बघायला तसाच कलतो. कुंडीच्या काठावरून खाली झेपावणारं ते 'सहस्रकुंड', आमच्याकडच्या धबधब्याचं नाव. बारीक वाकडं खोड आणि शेंड्यावर चार पानं, असं जे उच्च अभिरुचीचं झाड म्हणून दाखवतात, त्याला त्या 'वाळलेला मास्तर' म्हणायच्या. शेजारी मी मास्तरीण उभी आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही, किंवा चांगलंच आलं असावं.

एका नियमाशी मात्र त्यांचं जमलं नाही. जुन्या झाडाच्या फांद्या खाली झुकलेल्या हव्यात, म्हणजे झाडाचं वय दिसतं, असं पुस्तक म्हणायचं. सिस्टर तारेने फांद्या खाली ओढत, चार पावलं मागे जाऊन बघत आणि मान हलवत. "त्यांच्याकडं बर्फ पडतंय. बर्फाच्या वज्ज्यानं फांदी खाली येते," त्या म्हणाल्या. "आपल्याकडं काय पडतंय? ऊन. आपली फांदी म्हातारी झाली तरी वरच जाते." आणि त्यांनी आपल्या पिंपळांच्या फांद्या तारा लावून वर वळवल्या. डॉक्टरीणबाई चांगल्या स्वभावाच्या होत्या, पण ते बघून त्यांनाही जरा लागलं. बिल्डिंगमधलं कुणी म्हणे की झाडांचे असे हातपाय बांधणं हा दुष्टपणा आहे. त्यावर सिस्टरचा एकच सवाल असे, "भिंतीत ॲसिड वतून मारत होते तवा कुठं होता तुमी?"

आमच्या मोरीचा पिंपळ वीट धरूनच वाढला. मुळं विटेवरून उतरून खाली मातीत गेली, हळूहळू जाड झाली, आणि वीट त्यांच्या मुठीत राहिली. लातूरला एका हौशी मंडळाने बोन्सायचं प्रदर्शन भरवलं तेव्हा सिस्टर तोच घेऊन गेल्या. एसटीत खिडकीपाशी झाड, मधे त्या आणि कडेला मी. खडकावर मुळं पसरलेल्या झाडांचा एक वेगळा विभाग होता, त्यात त्यांनी तो ठेवला. पुण्याहून आलेल्या परीक्षकांना झाड मनापासून आवडलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण या पद्धतीत नैसर्गिक दगड लागतो, असं त्यांनी अदबीने सांगितलं. वीट ठेवायचीच असेल तर निदान गुलाबी रंग खरवडा, वरून शेवाळ लावा, मग विचार करता येईल. सूचना वाईट नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडं पिंपळ खडकावर येत न्हाई, लोकांच्या भिंतीवर येतो. रंग ऱ्हाईल."

झाड 'इतर' अशी पाटी लावलेल्या कोपऱ्यातल्या टेबलावर गेलं. सिस्टरनी एक खुर्ची ओढली आणि त्या टेबलाशी ठाण मांडून बसल्या. मला वाटलं, आता चिडतील, पण त्या मजेत होत्या. दुपारनंतर लातूरच्या बायाबापड्या यायला लागल्या. त्यांनी जपानी नावांच्या झाडांकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि पिंपळ दिसताच चपला काढल्या. कुणी हळदीकुंकू वाहिलं, एकीने प्रदक्षिणा घालायची म्हणून टेबल भिंतीपासून सरकवून मागितलं. मंडळाचे लोक घामाघूम. औशाकडचा एक म्हातारा, भूकंपात आपल्या घराच्या भिंती पडताना पाहिल्या एवढं सांगून, वीट धरलेल्या त्या मुळांपुढे कितीतरी वेळ उभा राहिला. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. परतीच्या एसटीत सिस्टर झोपून गेल्या आणि मी झाड सांभाळत आले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला दिवस गेले, आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. ही दुसरी वेळ होती. आमचे हे गावी गेलेले. सिस्टरनीच मला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि तिथल्या पोरसवदा नर्सांना आपल्या जुन्या आवाजात कामाला लावलं. धीराचं वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर पेजेची वाटी हातात देऊन म्हणाल्या, "रड. पन उपाशी रडू नको." इतकं शहाणं वाक्य त्या दिवसांत मला दुसऱ्या कुणीही ऐकवलं नाही.

सासूबाई मात्र दुःखाने सैरभैर झाल्या होत्या. त्यांना नातवाची आस होती आणि रागवायला कुणीतरी हवं होतं. त्या एका वास्तूवाल्याकडे जाऊन आल्या. त्याने सांगितलं, घराच्या डोक्यावर खुरटवलेली झाडं आहेत, त्यातही पिंपळ, म्हणून वंश खुरटतोय. झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न का जमत नाही याचा उलगडा झाला. आमच्या सेक्रेटरीसाहेबांचं दुकान का चालत नाही तेही कळलं. प्रत्येकाच्या घरात काहीतरी अडलेलं होतंच आणि प्रत्येकाला आता कारण मिळालं. बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज आला: रविवारी सकाळी गच्चीवर मीटिंग, विषय झाडं हटवणे. खाली माझ्या नावाने हात जोडलेली चित्रं. माझं दुःख असं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

शनिवारी दुपारी सासूबाई देवळात गेल्यावर सिस्टर खाली आल्या. माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या. मी त्यांना इतकं सावकाश बोलताना कधी ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "पोरी, उद्या मी कुनाचंबी ऐकनार न्हाई. पोलीस आनू दे, कोर्टात जाऊ दे. पन तुज्या मनात जराबी आसंल ना की ह्या झाडांनी केलं, तर आत्ता सांग. सांजच्याला टेंपो बोलीवते, सगळी देगलूरला धाडते. कारन इचारनार न्हाई." त्या खरंच तसं करणार होत्या. ज्या बाईने एका विटेचा रंग खरवडला नाही, ती माझ्या एका शब्दासाठी अख्खा वॉर्ड रिकामा करायला तयार होती. मी फक्त त्यांचा हात धरून ठेवला, आणि त्या उत्तर न घेताच वर गेल्या.

रविवारी सगळे जमले. सेक्रेटरींनी सुरुवात गोडीने केली. सिस्टर, तुमच्याबद्दल आदरच आहे, पण भावनांचा प्रश्न आहे. मग त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. तुम्हाला काय त्याचं, म्हणाले, तुमच्यात पिंपळाला कुठे मानतात.

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "आमच्यात?" त्या म्हणाल्या. "बुद्धाला ज्ञान झालं ते ह्याच झाडाखाली, साहेब. आमच्या घराघरात ह्याचं पान फोटोत लावलेलं आसतंय. तुमी इतकी वर्सं मला बोलवून पिंपळ काढायला लावला, एकानंबी इचारलं न्हाई की बाई, तुला ह्याचं काय वाटतं. तुमी भेव वाटतंय म्हनून हात लावत न्हाई. मी मानते म्हनून हात लावते."

आमच्या मोरीपाशी रोपासमोर जोडलेल्या त्यांच्या हातांचा अर्थ मला तेव्हा कळला. गच्चीवर कुणी कुणाकडे बघेना. सेक्रेटरी सावरून घेत म्हणाले, ते सगळं ठीक, पण पहिल्या मजल्यावरच्या सुनेचा विचार करा. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आमच्या ह्यांनी जमिनीकडे पाहिलं. मी उभी राहिले, आवाज निघाला, आणि तो माझ्या ओळखीचा नव्हता. मी म्हणाले, "माझं बाळ झाडांनी नेलेलं नाही. त्याचं नाव घेऊन इथली एक कुंडी हलवाल, तर माझ्याशी गाठ आहे."

सासूबाई ताडकन उठून खाली गेल्या. महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि सिस्टरशी त्यांनी बोलणंच टाकलं. सेक्रेटरींनी बहुमताचा विषय काढला, तेव्हा सिस्टरनी छिन्नी आणून त्यांच्यापुढे ठेवली. काढा म्हणाल्या, ज्याला काढायचंय त्याने स्वतःच्या हाताने काढा, मी अडवणार नाही. कुणी छिन्नीला शिवलं नाही. पुढच्या आठवड्यात सेक्रेटरींनी नाक्यावरचा एक मजूर धरून आणला. त्याने पिंपळ बघितले, दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेला. विषय तिथे संपला. आम्हाला मूल झालं नाही. ते कशामुळे, हे डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि त्यात पिंपळ कुठेही नाही.

त्यानंतर पुष्कळ वर्षं वॉर्ड चालला. मग सिस्टरच्या गुडघ्यांनी संप केला. लिफ्ट बंद पडली की त्या आपल्याच घरात अडकायच्या. लातूरच्या भाचीने आपल्याकडे राहायला बोलावलं, तिच्याकडे दोन खोल्या आणि अंगणही नाही. झाडांचं काय करणार, मी विचारलं. "डिस्चार्ज," त्या म्हणाल्या. कोणतं झाड कुणाच्या भिंतीतलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. आम्ही दोघींनी रिक्षा केली आणि ज्याचं झाड त्याच्या दारात नेऊन दिलं. मी म्हणत होते की हे लोक झाडं मारून टाकतील. सिस्टर म्हणाल्या, "मारतात कशाला? पिंपळ हाय. भेऊन का हुईना, पानी घालतीलच. झाडाला पानी लागतंय. त्यांचं मन मी कुठं मागून राहिले?" सेक्रेटरींना त्यांच्याच बाल्कनीखालचा उंबर मिळाला. ऊन येत नाही, जागा नाही, असं ते म्हणू लागले. सिस्टर म्हणाल्या की पेशंट बरा झाल्यावर न्यायला घरचंच माणूस लागतं, आणि कुंडी त्यांच्या हातात देऊन मोकळ्या झाल्या. साहेब आता ती रोज सकाळी उन्हात नेतात आणि दुपारी आत आणतात. पुष्कळ वाळलेत बिचारे, पण उंबर झकास आहे.

विटेवरचा पिंपळ त्यांनी शेवटी ठेवला होता. आमचं दार सासूबाईंनी उघडलं. इतक्या वर्षांनी दोघी समोरासमोर. सिस्टर म्हणाल्या, "अक्का, तुमच्या मोरीचा हाय." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात नगं." सिस्टरनी कुंडी दाराबाहेर भिंतीशी ठेवली. "मग टाकून द्या. पन तुमी टाका. सुनेला सांगू नका." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत त्या गेल्या. मी पाया पडायला मागे धावले तर म्हणाल्या, पाया कसल्या पडतेस, फांदीवरची तार बघत जा.

मी कुंडीला हात लावला नाही. ती दाराबाहेर तशीच राहिली, मात्र माती रोज ओली दिसायची. काही दिवसांनी मी शाळेतून आले तर कुंडी बाल्कनीत होती. सासूबाई गहू निवडत बसलेल्या. कुणी आणली असं मी विचारलं नाही. दिवाळीत लोह्याकडचे पाहुणे आले आणि घरात पिंपळ, तोही खुरटलेला, असं म्हणून कुजबुजायला लागले, तेव्हा सासूबाई आतून कडाडल्या, "आमच्या घरात काय ठिवायचं ते आमी बघू. तुमी फराळ करा." मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले आणि थोडी रडले.

मागच्या पावसाळ्यात लातूरहून सिस्टर गेल्याचा फोन आला. मी जाऊन आले. त्रिशरण-पंचशील म्हणताना भाचीच्या त्या दोन खोल्यांत माणूस मावत नव्हतं. सिस्टरच्या हातांवर जन्मलेली कितीतरी माणसं नांदेडहून आली होती. मला पोरकं वाटत होतं. ज्यांनी मला तोंड उघडायला शिकवलं त्यांच्यासमोर मी हात जोडले. घरी आले, बाल्कनीत जाऊन झाडापाशी बसले. वरच्या एका फांदीवर सिस्टरनी लातूरला जायच्या आधी गुंडाळलेली तार होती. ती कधीच काढायला हवी होती, पण माझा हात होत नव्हता. त्यांच्या बोटांचं तेवढंच उरलं होतं.

सासूबाई येऊन शेजारी बसल्या. मग वाकून त्यांनी फांदीवरून बोट फिरवलं. "तार रुतून राहिली," त्या म्हणाल्या. "झाडाला दुखत आसंल. काढ तू. मी धरते." त्यांनी दोन्ही हातांनी फांदी धरली. मी कटरने तारेचा एकेक वेढा तोडत गेले, तुकडे सासूबाईंच्या पदरात पडत गेले. शेवटचा वेढा निघाला तेव्हा त्यांनी जपून हात काढून घेतले.

फांदी जागची हलली नाही.